खारवट जमीन आणि पिकाच्या पेशीचे दुपदरी पटल

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पुढे बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त भागात उसाचे मळे उभे राहिले. परंतु जेथे पाणी अधिक आणि निचरा कमी, तेथील भारी काळ्या जमिनी पाणथळ झाल्या. पाण्याची वाफ होऊन पृष्ठभागावर क्षार साचले. डॉ. हॅरॉल्ड मॅन व व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. प्रश्न जुना आहे. मात्र वनस्पतीची पेशी क्षार कसे ओळखते, यावर अलीकडे नवा प्रकाश पडला आहे.

पटलाची रचना

मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्धद्रव्यांचे, म्हणजे लिपिडांचे, अतिशय पातळ पटल असते. त्याला दोन पदर असून ते सारखे नसतात. फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड मुख्यत्वे आतल्या पदरात राहते. लिपिडे आपण होऊन सहसा पदर बदलत नाहीत. काही प्रथिने ऊर्जा खर्चून त्यांना बाहेरच्या पदरातून आत आणतात. याउलट स्फिंगोलिपिडांचा एक साखरयुक्त प्रकार बाहेरच्या पदरात असतो. तो पेशीच्या आत तयार होऊन सूक्ष्म पिशव्यांच्या आतल्या अस्तरातून पटलापर्यंत येतो. पिशवी पटलात मिसळून उघडली की तिचे आतले अस्तर पेशीची बाहेरची बाजू बनते.

क्षारांची चाहूल

मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या वनस्पतीवरील संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की, सोडियम बाहेरच्या पदरातील या लिपिडांना चिकटतो, तेव्हा कॅल्शियम पेशीत शिरते. हा इशारा मिळताच पटलातील एक प्रथिन सोडियम बाहेर टाकू लागते. या कामी ऊर्जा खर्च होते व पिकाची वाढ खुंटते. सोडियम फारच वाढला तर तो पटलावरील कॅल्शियमची जागा घेतो. पटल गळके होऊन पोटॅशियम बाहेर जाते.

आपले कर्तव्य

पेशीच्या या संरक्षणास मर्यादा आहे. म्हणून प्रथम माती तपासून घ्यावी. जमीन केवळ खारवट असेल, तर चर काढून निचरा करावा व चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. सामू ८.५ हून अधिक असलेल्या चोपण जमिनीस तपासणीनुसार जिप्सम द्यावे. त्यातील कॅल्शियम मातीतील सोडियमला हटवते. मात्र निचऱ्यावाचून जिप्समचा खर्च वाया जातो.

एकाच्या शेतातील चर दुसऱ्याच्या बांधाशी अडला, तर दोघांचीही जमीन बिघडते. त्यामुळे निचऱ्याचे काम गावाने मिळूनच करावयास हवे. बारामती तालुक्यातील माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था अवर्षण, क्षार, उष्णता यांसारख्या ताणांवर संशोधन करते. तेथील ज्ञान बांधापर्यंत नेण्यास शिक्षक व पंचायत सदस्य यांनी साह्य करावे.