जांघेतील गाठ काय सांगते?

अनवाणी चालताना पायात काटा मोडला, जखम चिघळली, की दोन दिवसांनी जांघेत दुखरी गाठ येते. आजी म्हणते, “अवधाण आलं.” जखम पावलाला आणि गाठ जांघेत, असे का व्हावे?

रक्त केशवाहिन्यांतून वाहताना त्यातील थोडे पाणी बाहेर झिरपते. कालव्याचे पाणी शेजारच्या रानात पाझरते, तसेच हे. हा पाझर गोळा करून पुन्हा रक्तात सोडणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लसीकावाहिन्या. त्यांतून दिवसाकाठी सुमारे ३ लिटर द्रव परत जातो. पण पायातील लसीका वर चढते कशी? तिच्यासाठी हृदयासारखा वेगळा पंप नाही. येथे आपल्या ओळखीच्या हापशीचे तत्त्व उपयोगी पडते. लसीकावाहिन्यांत झडपा असतात. वाहिन्या स्वतः आकुंचन पावतात, चालताना पायाचे स्नायूही त्यांना दाबतात. लसीका वर सरकते, आणि झडप तिला मागे येऊ देत नाही.

वाटेत ठिकठिकाणी लसीका ग्रंथी असतात. या गाळण्याच होत. त्यांतील पांढऱ्या पेशी जंतूंना अडवतात व गिळतात. ही झुंज चालू असताना ग्रंथी सुजते. पायाकडील लसीका जांघेतून जाते, हाताकडील काखेतून. म्हणून अवधाण म्हणजे जंतू कोठून शिरला याचा पत्ताच!

परंतु गाळणीच जंतूच्या ताब्यात गेली तर? ग्रंथिक सन्निपात, म्हणजे गाठीचा प्लेग, हे त्याचे भयंकर उदाहरण. रोगी उंदराला चावलेली पिसू माणसाला चावते. हा चावा बहुधा पायाला, म्हणून गाठ बहुधा जांघेत. पिसवेचे शरीर आपल्यापेक्षा थंड असते. माणसाच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानात आल्यावर प्लेगचा जंतू स्वतःभोवती एक आवरण तयार करतो. ते असले, की पांढऱ्या पेशींना त्याला गिळणे अवघड जाते. मग तो ग्रंथीतच वाढतो आणि तेथून रक्तात उतरतो.

हा जंतू प्रथम सापडला तोही गाठीतच. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी मृतांच्या गाठींतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो जंतूंनी गच्च भरलेला होता. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला, मग पुण्यात पोहोचला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याची लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पिसवांमार्फत हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले ते १८९८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर.

ही केवळ जुनी गोष्ट समजू नका. श्रीरामपूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच्या शेजारीच बीड जिल्हा. तेथील मामला गावात ऑगस्ट १९९४ मध्ये ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोक घरे सोडून बाहेर राहिले होते, आणि धान्य मात्र जुन्या घरांतच होते. उंदरांना ते आयतेच मिळाले. पुढे उंदीर मरू लागले, गावात पिसवांचा त्रास वाढला. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरे रक्त शोधतात! मेलेले उंदीर ही आधीच मिळालेली सूचना होती.

सावित्रीबाईंच्या काळी नसलेली प्रतिजैविके आज आपल्याजवळ आहेत. वेळीच दिली तर प्लेग बरा होतो. उशीर झाला तर ती असूनही उपयोग नाही. तेव्हा एवढे लक्षात ठेवा: अवधाण बहुधा साधेच असते, जखम भरली की ओसरते. परंतु गाठीबरोबर जोराचा ताप व थंडी असेल, गाठ झपाट्याने वाढत असेल, किंवा कित्येक आठवडे जात नसेल, तर ती दाबू नका, फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात वा गोदामात एकामागून एक उंदीर मेलेले दिसले, तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. दिवसभर एका जागी उभे राहणाऱ्याचे पाय संध्याकाळी सुजतात, पण दिवसभर चालणाऱ्याचे तितके सुजत नाहीत. का बरे? हापशी आठवा, उत्तर सापडेल.