वाळवंटातील संग्राम : संगणकावर की सेगावर?

प्रश्न : वेस्टवुडचा 'ड्यून २' संगणकावर खेळावा, की सेगा मेगा ड्राइव्हवर?

उत्तर : १९९२ साली डॉसवर अवतरलेल्या मूळ आवृत्तीत प्रत्येक तुकडी स्वतंत्रपणे निवडून, मग हल्ला की कूच हा हुकूम बाजूच्या फलकावरून फर्मावण्याची जी कारकुनी सेनापतीच्या माथी येते, ती सेगाच्या आवृत्तीत, फलकच बरखास्त करून तुकडीचे नियंत्रण थेट हातातील कळफळीकडे सोपविल्यामुळे, पुष्कळ हलकी झाली आहे; आणि हे सौकर्य, मूळ खेळाचा भक्त असूनही, मला नाकारता येत नाही. मात्र तेथे प्रगतीची दप्तरनोंद केवळ सांकेतिक शब्दाने होते, म्हणून अर्धी लढाई राखून उठता येत नाही. फुरसत बेताची असल्यास संगणकच घ्यावा.