छोटा उद्योग आणि खेळते भांडवल

एखादा होतकरू तरुण किंवा महिला बचत गट गावात नवा उद्योग काढावयाचे ठरवितो, तेव्हा ग्रामपंचायतीपासून बँकेच्या शाखेपर्यंत पहिली चौकशी होते ती यंत्राची आणि त्यासाठी मिळणाऱ्या कर्जाची. यंत्र कोठे मिळेल, अनुदान किती, जागेचा उतारा कोणाच्या नावे हवा, याविषयी पुष्कळ चर्चा होते. परंतु यंत्र सुरू झाल्यावर कच्चा माल कोणत्या पैशातून आणावयाचा आणि विकलेल्या मालाची रक्कम हाती येईपर्यंत दिवस कसे काढावयाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. यंत्र धडधाकट, मालाला मागणीही आहे आणि तरीही उद्योगाला कुलूप लागते, असे घडते ते बहुधा या न विचारलेल्या प्रश्नामुळे.

हिशेबाने ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. मिरची कांडप करून मसाला विकणारा एक गट उदाहरणादाखल घेऊ. पुढील आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारभावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत. गट महिन्याला १०० किलो मसाला तयार करतो. किलोमागे सर्व खर्च ३०० रुपये येतो आणि दुकानदाराला तो ३६० रुपयांनी दिला जातो. म्हणजे महिन्याचा खर्च ३० हजार आणि नफा ६ हजार रुपये. आता दिवस मोजावेत. मिरची, धने व इतर जिन्नस रोखीने आणल्यावर सरासरी १५ दिवस पडून राहतात. भाजणे, कांडणे, पाकिटे भरणे आणि माल दुकानापर्यंत पोहोचणे यात आणखी १५ दिवस जातात. दुकानदार पैसे देतो ते ३० दिवसांनी. गाठीचा रुपया परत गाठीला येण्यास असे ६० दिवस लागतात आणि तेवढ्या काळात सुमारे ६० हजार रुपये धंद्यात अडकून राहतात. हेच खेळते भांडवल होय. मिरची हंगामात स्वस्त असताना वर्षाची भरून ठेवावयाची, तर ही रक्कम आणखी वाढते.

या गटाचा माल लोकांना आवडला आणि मागणी दुप्पट झाली, असे समजू. आनंदाचाच हा प्रसंग. पण खरी अडचण येथूनच सुरू होते. उत्पादन दुप्पट करावयाचे तर आणखी ६० हजार रुपये लागणार आणि जुन्या विक्रीतून महिन्याला शिल्लक पडतात ते ६ हजार. केवळ नफ्यातून ही रक्कम उभी करण्यास दहा महिने लागतील. तोवर धीर न धरता गट सावकाराकडे गेला किंवा घरातील दागिने गहाण पडले, तर वाढलेली विक्रीच उद्योगाच्या मुळावर येते. मागणी नाही म्हणून बंद पडणारे उद्योग सर्वांना दिसतात. मागणी झेपली नाही म्हणून बुडालेल्यांची चर्चा मात्र फारशी होत नाही.

खर्चात काय धरावे

वरील ३०० रुपयांत गटातील महिलांची मजुरी धरलेली आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. घरच्याच माणसांचे श्रम म्हणून मजुरी न धरण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे किंमत कमी ठरते, माल खपतो आणि नफा झाल्याचा भास होतो. उद्या बाहेरची दोन माणसे कामाला लावताच तो नफा नाहीसा होतो. घटीचेही तसेच आहे. दहा किलो मिरची आणली म्हणजे दहा किलो तिखट मिळत नाही. देठ, ओलावा, निवडताना काढलेली खराब मिरची आणि कांडपात उडणारी भुकटी यांची वजावट होते. पहिल्या महिन्यात प्रत्येक खेपेचे वजन आधी व नंतर लिहून ठेवल्यास ही घट नेमकी समजते. अंदाजाने धरलेली घट बहुधा कमीच धरली जाते.

ऐंशी रुपयांचा उद्योग

या बाबतीत मुंबईतील श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेचे आरंभीचे दिवस अभ्यासण्यासारखे आहेत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह घेण्यात आला. वर खाटेवर पापड आणि खाली पेटता स्टोव्ह, अशी सोय करून पावसातही काम चालू राहिले. मोठे वाळवणयंत्र घेण्याची ती वेळ नव्हती आणि ते घेतलेही गेले नाही.

आरंभी या महिला दोन प्रतींचे पापड करीत आणि हलक्या प्रतीचा माल स्वस्तात विकावा असा त्यांचा विचार होता. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि जमाखर्च चोख लिहिण्याचा सल्ला दिला. १९६१ मध्ये मालाड येथे शाखा काढण्याचा प्रयत्न झाला, तो यशस्वी झाला नाही. संस्थेची रीतसर नोंदणी १९६६ मध्ये झाली. खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता आणि खेळत्या भांडवलासाठी ८ लाख रुपयांचे साहाय्यही त्यानंतर मिळाले. बाहेरचे मोठे भांडवल आले तेव्हा सात वर्षांचा व्यवहार आणि त्याचा हिशेब जमेस होता, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

कर्ज, अनुदान आणि उधारी

यंत्रासाठी मुदत कर्ज आणि मालासाठी कॅश क्रेडिट हे दोन वेगळे प्रकार आहेत. प्रकल्प अहवालात दुसऱ्याची मागणी पहिल्याइतकीच काळजीपूर्वक मांडली पाहिजे. १९७८ पासून कार्यरत असलेल्या जिल्हा उद्योग केंद्रांकडे मार्गदर्शनासाठी जाणाऱ्याने हा प्रश्न स्वतःहून काढावा. अनुदान म्हणजे हाती येणारी रोकड, हा समजही दूर व्हावयास हवा. २००८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहील आणि उद्योगाची पडताळणी झाल्यावर कर्जात वळती होईल, अशी व्यवस्था ठेवण्यात आली. त्या रकमेतून मिरची आणता येत नाही.

उधारीचा उपाय उद्योजकाच्या स्वतःच्या हाती अधिक आहे. एका दुकानदाराने २० किलोचे पैसे बुडविले, तर खर्चाचे ६ हजार रुपये, म्हणजे पूर्ण महिन्याचा नफा जातो. मागील पावतीचे पैसे मिळाल्याखेरीज नवा माल देऊ नये, रोख घेणाऱ्याला थोडी सूट द्यावी आणि उधारीची वही रोजमेळापासून वेगळी ठेवावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्यासाठी उद्यम नोंदणी वेळीच करून घ्यावी. ती निःशुल्क आहे. अर्थात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराविरुद्ध कोणी परिषदेकडे दाद मागावयास जाणार नाही. मोठी संस्था किंवा कार्यालय खरेदीदार असेल तेव्हा मात्र ही तरतूद उपयोगी पडते.

आणि असे खरेदीदार पुष्कळदा आपल्याच गावात असतात. वरील गटाकडून एखादी आश्रमशाळा दरमहा ४० किलो मसाला घेते आणि देयक एका महिन्याऐवजी तीन महिन्यांनी मंजूर करते, असे धरल्यास गटाचे २४ हजार रुपये जादा अडकतात. चार महिन्यांचा संपूर्ण नफा तो. देयकाची टिप्पणी सादर करताना माल मिळाल्याचा दिनांक वरच्या बाजूस नोंदवावा व त्या दिनांकापासून दिवस मोजावेत. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढे थकीत देयकांची यादी ठेवली जाते, तीत स्थानिक गटांची देयके वेगळी दाखवावीत.