घरच्या नळाचा हिशोब : काळा पाईप टाकण्यापूर्वी



ऊस नोंदीसाठी आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा हल्ली लागणीबरोबर घराचाही विषय निघतो. "साहेब, बोअरपासून घरात नळ घ्यायचाय, किती लागतील?" आम्ही काही प्लंबर नव्हे. पण ठिबकचा अंदाज काढताना जो हिशोब करतो, तोच येथे चालतो, म्हणून हे चार शब्द.

आमच्या गटातील एका सभासदाने तोंडी आकड्यावर काम सुरू केले. निम्मी चर खोदून झाली आणि पैसे संपले. उसाचा हप्ता यायला अवकाश होता, शेवटी व्याजाने रक्कम उचलावी लागली. मिस्त्रीने फसवले नव्हते. मोजायला टेपच कोणी धरला नव्हता.

लवचिक पाईप का? आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत ताठ पाईपचे सांधे ओढले जातात. काळा एचडीपीई पाईप वेटोळ्यात येतो, त्यामुळे मधे सांधा न देता लांब नेता येतो आणि तो थोडा वाकला तरी चालतो. मात्र त्याची जोडणी, म्हणजे आटे आवळून बसवायचे कपलर, टी, एल्बो, नगाला महाग पडते. म्हणून येथे पाईपाइतकेच सांधे मोजावेत. पाईपावर आय.एस. ४९८४ चा शिक्का, व्यास आणि दाबाचा वर्ग छापलेला असतो, तो वाचूनच घ्यावा. दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो दाब धरावा. हा पाईप बाहेरच्या व्यासाने मोजतात, हेही ध्यानात असू द्यावे. सोलर किंवा गिझरच्या गरम पाण्याला तो वापरू नये, तेथे सीपीव्हीसी घ्यावा.

मोजणी कशी करावी? आधी वहीच्या कागदावर घराची आकृती काढावी. पाईप ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने टेप धरावा, सरळ रेषेत नव्हे. भिंतीवरची चढ-उतार हमखास विसरते, ती धरावी. आलेल्या लांबीत दहा टक्के जादा मिळवावेत. रानातून जाणारी चर नांगराच्या फाळाखाली, निदान तीन फूट असावी. पाईपाखाली-वर चाळलेली माती किंवा वाळू द्यावी, दगड लागू देऊ नये.

एक नमुना. दर केवळ समजण्यासाठी, करासह धरले आहेत. आपल्या बाजारचे दर घालून हाच हिशोब पुन्हा करावा. मोटार व टाकी यात नाही.

बोअर ते घर ६२ मीटर, वर टाकीपर्यंत ७ मीटर. मिळून ६९, जादा धरून ७६ मीटर, ३२ मिमी पाईप. टाकीपासून स्वयंपाकघर ९, न्हाणी ८, संडास १०, अंगण १४. मिळून ४१, जादा धरून ४५ मीटर, २० मिमी पाईप.

१) ३२ मिमी : ७६ × ६० = ४,५६० रु.
२) २० मिमी : ४५ × ३० = १,३५० रु.
३) जोडणी : १४ नग × ९० = १,२६० रु.
४) व्हॉल्व्ह : ३ × २५० = ७५० रु.
५) तोट्या : ४ × ३०० = १,२०० रु.
६) चर : ६२ मीटर × ४० = २,४८० रु.
७) मजुरी : ४ पॉईंट × १,००० = ४,००० रु.

बेरीज १५,६०० रु. अडीअडचणीला दहा टक्के, १,५६० रु. एकूण १७,१६० रु.

येथे पाईपाची किंमत ५,९१० रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या जवळपास तिसरा हिस्सा. नुसता पाईपाचा भाव विचारून बजेट ठरवणारा माणूस येथेच फसतो.

मिस्त्रीला काय विचारावे? मजुरी ठोक, पॉईंटवर की रोजाने? चर खोदणे-बुजवणे, भिंतीला झिरी मारून गिलावा करणे कोणाकडे? जीएसटी धरला की वेगळा? दोघांकडून एकाच यादीवर लेखी दर घ्यावेत. ज्याचा आकडा फार कमी, त्याच्या कागदावर बहुधा चर नसते. चर बुजवण्याआधी लाईन भरून, तोट्या बंद करून रात्रभर ठेवावी आणि सकाळी प्रत्येक सांधा हाताने चाचपावा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.

ही चाचणी कंटाळवाणी वाटते. पण मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, गळाले तर दिवसाला २८८ लिटर जातात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे माप धरले. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होते. म्हणजे एका सांध्यातून अख्ख्या घराचे पाणी मातीत जाते, आणि वर दिसतही नाही.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नांदेड असो की लातूर, तो उन्हाळा कोणी विसरलेले नाही.

तेव्हा बंधूंनो, आधी टेप, मग कागद, मग मिस्त्री. आकृती व यादी घेऊन गट कार्यालयात या. बेरीज आपण मिळून तपासू.

— ऊस विकास अधिकारी