'गार' नळावर विसंबू नका

जून लागला की बहरीनमधल्या मराठी घरांत गीझर बंद होतो आणि अंघोळीला 'गरम'चा नळ सोडला जातो. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, 'गार' नळाखाली हात धरवत नाही. त्यापेक्षा एसीच्या घरात निवलेलं गीझरमधलं पाणी बरं. कित्येक उन्हाळे मी हेच करत आलोय. तरी ऑगस्टमध्ये तैलठसे काढायला बसलो आणि सवयीने 'गार' नळ सोडला.

मूळचा नाद सायनोटाइपचा. जॉन हर्शेलने १८४२ साली काढलेली ही निळी छपाई. आमच्या बांधकामाच्या धंद्यातले नकाशे पूर्वी असेच निघायचे, म्हणून तर 'ब्लूप्रिंट'. दोन रसायनं, कागद आणि ऊन. ऊन इथे मोप. पहिले ठसे मात्र नळाच्या पाण्यात धुता धुताच फिके झाले. पाणी थोडंही अल्कधर्मी असलं की तो निळा रंग मरतो. आता पहिल्या पाण्यात चिमूटभर लिंबूफूल टाकतो.

निळ्याचा कंटाळा आला तेव्हा तैलठशाकडे वळलो. रॉलिन्सने १९०४ मध्ये मांडलेली ही पद्धत. कागदावर जिलेटिनचा थर द्यायचा. उजेड लागला तिथे तो घट्ट होतो, बाकीचा पाण्यात फुगतो. फुगलेला भाग तेलकट शाई झिडकारतो, घट्ट भाग धरतो. जुन्या कृतीत डायक्रोमेट लागतं. ते कर्करोगकारक, घरात पोरंबाळं, म्हणून नको म्हटलं. सायनोटाइपच्या दोन बाटल्यांपैकी एक, फेरिक अमोनियम सायट्रेट, जिलेटिनवर चढवलं. उन्हात ठेवून वर पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं की थर घट्ट होतो. (पेरॉक्साइड गाडीत विसरू नका. उन्हाने त्याचा जोर जातो आणि बाटली फुगते. माझी फुगली.)

निगेटिव्ह मुहर्रकमधल्या एका जुन्या लाकडी दाराची होती. पेरॉक्साइडपर्यंत सगळं ठीक. मग थर फुगवायला ट्रे नळाखाली धरला. मिनिटभरात कोपरा उचलला गेला, दुधावरची साय बोटाने सारावी तसा. पाठोपाठ दाराची चौकट सरकली, मग खिळे. कागद कोरा आणि ट्रेमध्ये चिकट तवंग. सौ. डोकावून म्हणाली, "हे खरवसाचं काय चाललंय?" थर्मामीटर घातला तर ४३ अंश. कार्बन प्रिंटवाले नेमकं एवढंच ऊन पाणी मुद्दाम वापरतात, नको असलेलं जिलेटिन विरघळवून टाकायला. मी त्यांची कृती फुकटात करून बसलो होतो. चार कागद असेच गेले. तोवर मी जिलेटिनला शिव्या देत होतो. थर्मामीटर आधी का घातला नाही, याला उत्तर नाही.

तेव्हा तुम्ही करणार असाल तर पाणी आदल्या रात्री बादलीत भरून एसीच्या खोलीत ठेवा. २० ते २५ अंशांवर आलं की मगच कागद त्यात सोडा. ऊन सकाळी आठच्या आसपासचं घ्या. दुपारी काचेखाली कागद भाजतो, शिवाय उन्हाळ्यात इथे भर दुपारी मजुरांनासुद्धा उन्हातलं काम सरकारने बंद केलेलं असतं, मग हौशी माणसाने कशाला उभं राहायचं? दमट हवेत रसायन लावलेला कागद दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. शाई घट्ट, लिथोची घ्या. पातळ असली तर सगळीकडे बसते. कागदावरचं पाणी फडक्याने टिपून, जाड ब्रशने ठोकत ठोकत शाई चढवा. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, तिथे घाई करू नका. आणि जिलेटिन ज्या पातेल्यात विरघळवाल ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

मुहर्रकचं दार शेवटी डिसेंबरात उतरलं. तेव्हा नळाचं पाणी खरंच गार होतं.