जुन्या ट्रॅक्टरच्या मागील आंसाची ढिलाई : परीक्षा व दुरुस्ती

बैलगाडीच्या चाकाचा तुंबा झिजला म्हणजे चाक डोलूं लागतें व गाडीवानास तें लागलेंच कळतें. ट्रॅक्टरच्या मागील चाकाचें तसें नाहीं. तेथें आंस, बेअरिंग व दांत्यांचीं चक्रें लोखंडी घरांत, तेलांत असतात. दोष डोळ्यांना दिसत नाहीं. त्यामुळें चाक हललें कीं बेअरिंग ढिलें झालें असें धरून तें आवळण्याचा प्रघात पडला आहे. पुष्कळदां दोष निराळ्या जागीं असतो आणि चांगलें बेअरिंग मात्र जळून जातें. म्हणून ढिलाई कोठें आहे हें आधीं ठरवावें व मगच घर उघडावें, हें या लेखाचें सांगणें आहे.

इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९६३ सालीं मुंबईस स्थापन झाली. तिच्या बी-२७५ सारखे जुने ट्रॅक्टर पुन्हां बांधून कामास लावणें नव्या यंत्राच्या किंमतीच्या मानानें परवडतें. परंतु धामणगाव बढे येथील शेतकऱ्यास काळ्या जमिनींत नांगर ओढावा लागतो आणि बुलढाण्याहून मोताळ्याकडे येतांना भरलेल्या ट्रॉलीसह राजूर घाट उतरावा लागतो. घाटाच्या वळणावर आंसावर आडवा जोर येतो. आंस ढिला असेल तर तो ऑइल सील फाडतो. आणि ज्या ट्रॅक्टरांत ब्रेक आंसाच्या टोकाशीं असतो, त्यांत तेल ब्रेकवर उतरतें. मग उतारावर ब्रेक धरीत नाहीं. ही गोष्ट केवळ खर्चाची नव्हे, जिवाची आहे.

मागील आंसास पुष्कळ ठिकाणीं निमुळत्या रोलरांचें बेअरिंग असतें. अमेरिकेंतील घोडागाड्या बनविणारे कारखानदार हेन्री टिमकेन यांनीं १८९८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. गाडी वळतांना चाकावर येणारा आडवा जोर साध्या रोलरांना सोसत नसे, यासाठीं ही योजना होती. यांत आंतील कडीस कोन व बाहेरील कडीस कप म्हणतात. दोन्ही जवळ आणल्या कीं बेअरिंग घट्ट होतें, दूर केल्या कीं ढिलें होतें. हें अंतर नटानें अथवा पातळ चकत्यांनीं ठरवितात. मिस्त्री लोक या चकत्यांस शिम म्हणतात. साध्या गोळ्यांच्या बेअरिंगाची ढिलाई मात्र अशी कमी करतां येत नाहीं. तें झिजल्यास बदलावेंच लागतें.

परीक्षा पुढीलप्रमाणें करावी. ट्रॅक्टर सपाट व कठीण जागीं उभा करून बाकीच्या चाकांस अटकाव लावावा. एक मागील चाक जॅकनें उचलून आंसाच्या घराखालीं भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकवर विसंबून काम करूं नये. नंतर चाक वर व खालीं धरून हलवावें, मग आंत-बाहेर ओढावें, आणि दुसऱ्या माणसास सांध्यांकडे पाहण्यास सांगावें.

चाक हबवर हलत असेल तर दोष चाकाच्या नटांचा आहे. हब आंसावर हलत असेल तर चावी अथवा खांचे झिजले आहेत. आंसच घरांत हलत असेल तरच बेअरिंगाकडे वळावें. चाक फिरण्याच्या दिशेनें थोडें मागें-पुढें होत असेल, तर ती दांत्यांमधील मोकळीक होय. ती कांहीं प्रमाणांत असावीच लागते व आंसाच्या चकत्या काढून ती जात नाहीं. टायरच्या कडेशीं केसभर ढिलाईही मोठी भासते, म्हणून खरें माप आंसाच्या टोकाशीं डायल गेज लावूनच घ्यावें.

घर उघडल्यावर बेअरिंग धुऊन पाहावें. कपाचे पापुद्रे निघाले असतील अथवा रोलरांवर खड्डे असतील, तर कप व कोन दोन्ही बदलावे. तेल दुधासारखें असेल तर आंत पाणी शिरलें आहे असें समजावें. कोनाखालीं आंस चकचकीत घासलेला अथवा तांबूस गंजलेला दिसला, तर कोन आंसावर फिरत आहे. येथें नवें बेअरिंग घालून किंवा चकत्या काढून लाभ नाहीं. आंसाची बैठक दुरुस्त करावी किंवा आंस बदलावा. नवा कोन तेलांत सुमारें १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बसवावा. हातोड्यानें ठोकूं नये.

जोडणी करतांना प्रथम मुद्दाम थोडी ढिलाई ठेवावी. आंस अनेक फेरे फिरवून रोलर बसूं द्यावे, नाहींतर माप खोटें येतें. उदाहरणार्थ, गेजवर ०·४५ मि.मी. ढिलाई आली व त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंत ०·०५ ते ०·१५ मि.मी. सांगितली असेल, तर ०·३५ मि.मी. जाडीच्या चकत्या काढल्यानें ०·१० उरते. चकत्या काढल्यानें बेअरिंग घट्ट होतें कीं ढिलें, हें रचनेवर अवलंबून असल्यानें आधीं पाहून घ्यावें. कांहीं ट्रॅक्टरांत दोन्ही बाजूंचे आंस मध्यें एका ठोकळ्यास टेकतात. तेथें एका बाजूचा फेरफार दुसऱ्या बाजूसही लागू होतो, म्हणून चकत्या दोन्हीकडे सारख्या ठेवाव्या.

ढिलाई अगदीं शून्य करण्याचा हव्यास धरूं नये. आंस तापला कीं वाढतो, आणि अति आवळलेलें बेअरिंग ढिल्या बेअरिंगापेक्षां लवकर जातें. कांहीं कारखानदार थोडा ताण मुद्दाम ठेवण्यास सांगतात. तेथें हबभोंवतीं दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या कांट्यानें ओढावी व आंस सारखा फिरत असतां किती जोर लागतो तें पुस्तिकेशीं ताडून पाहावें.

हें काम मृगापूर्वीं उन्हाळ्यांत उरकावें, म्हणजे सुटा भाग मिळण्यास उशीर झाला तरी पेरणी खोळंबत नाहीं. पुन्हां जोडल्यावर तासभर रिकामा ट्रॅक्टर चालवून दोन्ही बाजूंचीं घरें हातानें पाहावीं. एक बाजू दुसरीपेक्षां फार तापली असेल तर ती घट्ट झाली आहे. ती उघडून माप पुन्हां घेतल्यावांचून ट्रॉली जोडूं नये. काढलेल्या व घातलेल्या चकत्यांची जाडी वहींत लिहून ठेवावी. पुढील दुरुस्तीच्या वेळीं झीज किती झाली हें त्यावरून निश्चित कळतें.