गाण्यांचा आवाज सारखा कसा करावा?

शाळेच्या स्नेहसंमेलनांत अथवा घरगुती समारंभांत संगणकावरून एकामागून एक गाणीं लावलीं असतां एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत आली असेल. पहिलें गाणें इतकें मंद वाजतें कीं मागच्या रांगेंतील मंडळी कान टवकारून बसतात. म्हणून कोणी तरी आवाजाची कळ वर चढवितो. तोंच दुसरें गाणें सुरू होतें आणि सर्वांच्या कानठळ्या बसतात. याचें कारण असें कीं, हीं गाणीं निरनिराळ्या ठिकाणांहून आलेलीं असतात. एक जुन्या ग्रामोफोन तबकडीवरून उतरविलेलें, दुसरें अलीकडच्या चित्रपटांतलें, तिसरें एखाद्या मैफलींत टिपलेलें. ज्यानें त्यानें आपापल्या रुचीप्रमाणें आवाजाची पातळी ठरविलेली असते. त्यांतच १९९० नंतरच्या काळांत, आपलें गाणें शेजारच्या गाण्यापेक्षां उठावदार ऐकूं यावें म्हणून ध्वनिमुद्रणें अधिकाधिक मोठीं करण्याची चढाओढ लागली, व जुन्यानव्या गाण्यांतील अंतर फारच वाढलें.

हें अंतर दर वेळीं कळ फिरवून दूर करणें त्रासाचें आहे. तें संगणकाकडून मोजून घेऊन दूर करतां येतें. एमपी३ जातीच्या फाइलींकरितां ‘एमपीथ्रीगेन’ नांवाचें एक विनामूल्य साधन आहे. तें कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा अक्षरांनीं लिहून, चालवितात. परंतु त्याचा उपयोग करण्यापूर्वीं आवाज मोजतात कसा, हें समजून घेतलें पाहिजे.

आवाजाचें माप

आवाजाच्या पातळीचें एकक डेसिबेल होय. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नांवावरून ‘बेल’ हें नांव पडलें; त्याचा दहावा भाग तो डेसिबेल. हें माप बेरजेचें नसून गुणाकाराचें आहे. पातळी ६ डेसिबेलनें वाढली म्हणजे ध्वनितरंगाची उंची सुमारें दुप्पट होते. १२ डेसिबेलनें वाढली म्हणजे सुमारें चौपट होते. कानाला मात्र आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास साधारणतः १० डेसिबेलची वाढ लागते.

तरंगाची सर्वांत मोठी उंची मोजली म्हणजे आवाज मोजला, असें मात्र समजूं नये. एका गाण्यांत तंबोऱ्याची मंद साथ असून मध्येंच तबल्यावर एक कडक थाप पडते. दुसऱ्यांत हार्मोनिअमचे सूर सतत भरून राहिलेले आहेत. दोहोंतील सर्वांत उंच तरंग सारखे केले, तरी दुसरें गाणें कितीतरी मोठें ऐकूं येईल. कारण कान एका क्षणाचा हिशेब धरीत नाहीं. कांहीं काळ टिकून राहणाऱ्या शक्तीचा धरतो. शिवाय सर्व सूर कानाला सारख्याच जोरानें लागत नाहींत. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें कीं, सारख्याच दाबाच्या ध्वनींपैकीं अगदीं खालचे सूर मंद वाटतात, व सेकंदाला २००० ते ५००० कंपनांच्या आसपासचे सूर अधिक ठळक वाटतात.

या दोन्ही गोष्टी विचारांत घेऊन डेव्हिड रॉबिन्सन यांनीं २००१ सालीं ‘रीप्लेगेन’ नांवाची पद्धति मांडली. तींत प्रथम कानाच्या संवेदनेप्रमाणें निरनिराळ्या सुरांना कमीअधिक वजन देतात. मग गाण्याचे सेकंदाच्या विसाव्या भागाएवढे तुकडे पाडून प्रत्येकाची सरासरी शक्ति काढतात. हे तुकडे मंदापासून मोठ्यापर्यंत ओळीनें मांडले असतां शंभरांत ९५ व्या स्थानीं जो येईल, त्याची शक्ति ती त्या गाण्याची पातळी. अशा रीतीनें एखाददुसऱ्या कडक थापेमुळें माप फुगत नाहीं, व मधल्या शांततेमुळें तें घटतही नाहीं.

साधनाची करणी

एमपी३ फाइल असंख्य लहान लहान चौकटींची बनलेली असते. त्या चौकटीचा आवाज किती उचलून वाजवावा, हें सांगणारे आंकडे प्रत्येक चौकटींत नोंदलेले असतात. एमपीथ्रीगेन हें साधन केवळ तेवढे आंकडे बदलतें. मूळ संगीत उकलून पुन्हां बांधीत नाहीं. म्हणून गाण्याचा दर्जा तिळमात्र उतरत नाहीं. आंकडा एकानें बदलला म्हणजे पातळी १.५ डेसिबेलनें बदलते. त्याहून बारीक फेर या रीतीनें करतां येत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. तीन गाण्यांचें माप अनुक्रमें ९५, ८३ व ८९ डेसिबेल आलें, व या साधनाची नेहमींची ठरीव पातळी ८९ हीच आपण ठेविली. तर पहिलें गाणें ६ डेसिबेलनें उतरवावें लागेल, म्हणजे आंकडा चारानें कमी होईल. दुसरें तितकेंच चढवावें लागेल. तिसरें आहे तसेंच राहील.

कृति

(१) सर्व गाण्यांची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्यें करावी, व पुढील सर्व काम त्या प्रतीवरच करावें.

(२) कमांड लाइनवर त्या फोल्डरमध्यें जाऊन प्रथम केवळ साधनाचें नांव व त्यापुढें फाइलींचीं नांवें लिहावीं. इतक्यानें आवाज बदलत नाहीं. साधन फक्त मोजमाप करतें आणि कोणतें गाणें किती डेसिबेल चढवावें अथवा उतरवावें, हें सांगतें. हा तक्ता शांतपणें वाचावा.

(३) तक्ता पटल्यावर साधनाचें नांव व फाइलींचीं नांवें यांच्यामध्यें वजाचिन्ह व त्यास जोडून रोमन लिपींतील एक लहान अक्षर लिहावें. ‘आर’ लिहिलें असतां प्रत्येक गाणें स्वतंत्रपणें ठरीव पातळीवर येतें. ‘ए’ लिहिलें असतां सर्व फाइली एकाच संग्रहांतील समजून सर्वांना एकच फेर लागू होतो. ‘के’ हें अक्षर तसेंच वजाचिन्हासह जोडलें, तर तरंग फाटेल इतका आवाज साधन चढवीत नाहीं. ‘यू’ या अक्षरानें केलेला बदल परत घेतां येतो. मात्र त्याकरितां साधनानें फाइलींत करून ठेविलेली टीप पुसलेली नसावी.

(४) शेवटीं पुन्हां एकदां नुसतें मोजमाप करून पातळ्या जुळल्या कीं नाहीं, तें पाहावें.

घ्यावयाची काळजी

वर ‘तरंग फाटेल’ असें म्हटलें, त्याचा अर्थ असा. काँपॅक्ट डिस्कप्रमाणें १६ बिटांच्या ध्वनींत तरंगाची उंची ३२,७६७ पर्यंतच मांडतां येते. एखाद्या ठिकाणीं ती २०,००० असून आपण ६ डेसिबेल चढविले, तर ती सुमारें ४०,००० व्हावयास पाहिजे. पण तितकी जागाच नाहीं. मग वाजवितांना तरंगाचा माथा छाटला जातो आणि आवाज चिरका येतो. म्हणून मंद गाणें चढविण्यापेक्षां मोठें गाणें उतरविणें हें बहुधा अधिक निर्धोक असतें. तबकडीवरून उतरविलेलें गाणें चढविलें म्हणजे गायकाबरोबर तबकडीची खरखरही तितकीच चढते, हेंही विसरूं नये.

‘आर’ व ‘ए’ यांतील निवड सर्वांत महत्त्वाची आहे. समजा, एकाच बैठकींतील विलंबित ख्याल, द्रुत ख्याल व तराणा तीन फाइलींत आहेत. गवयानें विलंबित संथ व हळुवार गाऊन पुढें क्रमाक्रमानें आवाज फुलविला आहे. येथें ‘आर’ वापरलें, तर विलंबित ख्यालही तराण्याइतकाच मोठा होऊन कलावंतानें साधलेला चढ नाहींसा होईल. अशा वेळीं ‘ए’ वापरावें. वेगवेगळ्या गायकांचीं सुटीं गाणीं एकत्र लावावयाचीं असतील, तेव्हां मात्र ‘आर’ योग्य.

एमपी३ खेरीज अन्य जातीच्या फाइलींसाठीं ‘आरएसगेन’सारखीं साधनें आहेत. तीं आवाजास हात न लावतां फाइलींत फक्त टीप लिहितात. ती टीप वाचणारा वादक-प्रोग्राम असला तरच तिचा उपयोग. ‘एफएफएमपेग’ या साधनांतील ‘लाउडनॉर्म’ नवी फाइल तयार करतें. त्यामुळें एमपी३ पुन्हां बांधली जाऊन तिचा दर्जा थोडा उतरतो. या नव्या साधनांचें मोजमाप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २००६ सालच्या पद्धतीवर आधारलेलें आहे. तिच्याच आधारें युरोपांतील प्रसारण संस्थांच्या संघानें २०१० सालीं सर्व कार्यक्रमांसाठीं एकच पातळी ठरवून दिली.

हा सर्व खटाटोप केवळ सोयीसाठीं नाहीं. मंद गाण्यासाठीं चढविलेली कळ पुढच्या गाण्याला तशीच राहिली, तर त्याचा आघात कानावर होतो, आणि हेडफोन लावलेला असेल तर तो अधिकच होतो. अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी एकदां नष्ट झाल्या म्हणजे मनुष्याच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आठवड्याला ४० तास ऐकण्याची मर्यादा प्रौढांसाठीं ८० व मुलांसाठीं ७५ डेसिबेल अशी सांगितली. वर सांगितलेला ८९ हा आंकडा पाहून पालकांनीं घाबरूं नये. तो फाइलीफाइलींची तुलना करण्याचा आंकडा आहे. प्रत्यक्ष कानावर किती आवाज पडतो, हें कळ किती फिरविली यावरच अवलंबून असतें. साधनानें गाणीं एका पातळीवर आणून दिलीं, म्हणजे ती कळ एकदांच, आणि बेताची, लावून ठेवणें हें ऐकणाराचें काम आहे. विद्यार्थ्यांनीं येत्या संमेलनापूर्वीं ही कृति एकदां करून पाहावी.